'व्होलाटाइल' लिहिले म्हणजे क्रम लागला असे नव्हे

मा. संपादक,
स. न.

थ्री फेज लाइट रात्री-बेरात्री येणाऱ्या मराठवाड्यात विहिरीच्या मोटारीचा मोबाइल स्टार्टर हा कॉलेजांतला आवडता प्रोजेक्ट असणे साहजिक आहे. पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम, लिहिताना मुलांना एकच मंत्र मिळतो: हार्डवेअरशी संबंध आला की व्हेरिएबल 'व्होलाटाइल' (सी भाषेतला 'हे मूल्य बाहेरून बदलू शकते' असे सांगणारा शब्द) करा. हा अर्धाच धडा आहे. त्यामुळे कोड टेबलावर चालतो आणि रानात अडकतो.

'व्होलाटाइल' कंपायलरला, म्हणजे कोडचे मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, इतकेच बजावतो की हे वाचन-लेखन गाळू नकोस आणि व्होलाटाइल वाचन-लेखनांचा आपसांतला क्रम मोडू नकोस. शेजारच्या साध्या व्हेरिएबलबद्दल तो चकार शब्द काढत नाही. साध्या ग्लोबल बफरमध्ये (डेटा साठवायच्या जागेत) ६४ बाइट भरून मग व्होलाटाइल 'तयार' फ्लॅग १ केला, तर फ्लॅग आधी आणि बफर नंतर लिहिण्याची कंपायलरला पूर्ण मुभा आहे. 'ओ-झिरो'ला (ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करण्यासाठीचे फेरफार, बंद) तो सहसा तसे करत नाही, 'ओ-टू'ला (ते चालू) करू शकतो. मग 'ऑप्टिमायझेशन बंद केले की चालते, कंपायलरच खराब' असा निकाल लागतो. मध्ये एक प्रिंटएफ (मजकूर छापणारे फंक्शन) टाकला तरी चूक दडते, कारण ते फंक्शन बफर वाचणारच नाही याची कंपायलरला खात्री नसते. तो प्रिंटएफ तसाच ठेवून सबमिशन उरकणारे कमी नाहीत!

कंपायलरपुरता उपाय म्हणजे क्लॉबर यादीत (ही ओळ काय बदलू शकते ते कंपायलरला सांगणाऱ्या यादीत) 'मेमरी' लिहिलेली रिकामी असेंब्ली ओळ. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) तिचे नाव 'बॅरियर', म्हणजे क्रम न ओलांडू देणारा अडसर, असे आहे. तिच्यातून एकही इन्स्ट्रक्शन निघत नाही, त्यामुळे प्रोसेसर तिला जुमानत नाही. इंटेल-एएमडीचे प्रोसेसर साध्या मेमरीतल्या दोन लेखनांचा क्रम पाळतात, मोबाइल आणि छोट्या बोर्डांवरचे एआरएम प्रोसेसर तशी हमी देत नाहीत. म्हणून लॅपटॉपवर चाललेला ड्रायव्हर एआरएमच्या बोर्डावर मार खातो.

खरी कसोटी डीएमए रिंगमध्ये लागते: डीएमए म्हणजे डिव्हाइसने प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरी वाचणे-लिहिणे, आणि रिंग म्हणजे त्यासाठीच्या कामांच्या चिठ्ठ्यांची, म्हणजे डिस्क्रिप्टरची, चक्राकार रांग. डिस्क्रिप्टरमध्ये आधी पत्ता आणि लांबी लिहायची, मग 'डीएमए-डब्ल्यूएमबी' (लेखनांमधला बॅरियर), मग मालकीचा बिट (डिस्क्रिप्टर आता डिव्हाइसचा, ही खूण), आणि शेवटी 'राइट-एल'ने (डिव्हाइसच्या रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्या कर्नल फंक्शनने) डोअरबेल, म्हणजे नवे काम आल्याची वर्दी. 'राइट-एल'मध्ये आधीच्या मेमरी लेखनापुरता बॅरियर आलेलाच असतो, 'राइट-एल-रिलॅक्स्ड'मध्ये तो नसतो. मोंढ्यात माल काट्यावरून उतरून थप्पी लागल्यावरच हमालाला हाक मारतात. इथे हाक आधी गेली तर डिव्हाइस जुना पत्ता उचलते आणि भलत्याच मेमरीवर लिहून मोकळे होते. परतीच्या वाटेवर, म्हणजे डिव्हाइसने काम संपवल्यावर, मालकीचा बिट वाचायचा, मग 'डीएमए-आरएमबी' (वाचनांमधला बॅरियर), मग लांबी. हा दुसरा बॅरियर हमखास विसरला जातो आणि नव्या पॅकेटला मागच्याची लांबी चिकटते. इथे 'एसएमपी-डब्ल्यूएमबी' (प्रोसेसरच्या अनेक कोरांसाठीचा लेखन-बॅरियर) वापरणेही चूक: एका कोरच्या कर्नलमध्ये तो नुसता कंपायलर बॅरियर उरतो. कोर एकच असला तरी डिव्हाइस हा मेमरी वाचणारा दुसरा असतोच.

बॅरियरने कॅश (प्रोसेसरजवळची वेगवान तात्पुरती मेमरी) रिकामी होत नाही, हेही सांगायला हवे. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम७वर कॅशमधला बफर डीएमएला देण्याआधी कॅश क्लीन करावीच लागते, म्हणजे तिच्यातला मजकूर मुख्य मेमरीत उतरवावा लागतो. पीसीआयवर (कार्डे जोडणाऱ्या मार्गावर) लेखन ब्रिजमध्ये, म्हणजे वाटेतल्या जोडणी-चिपमध्ये, रेंगाळते. ते डिव्हाइसपर्यंत पोचल्याची खात्री हवी तर त्याच डिव्हाइसचे एखादे रजिस्टर वाचावे, मात्र वाचल्याने काही बदलणार नाही असे. इंटरप्ट रूटीनच्या (डिव्हाइसने हाक मारली की चालणाऱ्या फंक्शनच्या) अगदी शेवटच्या ओळीत फ्लॅग पुसला तर तोच इंटरप्ट पुन्हा लागू शकतो, कारण पुसण्याचे लेखन त्या डिव्हाइसपर्यंत पोचायच्या आत रूटीन संपलेले असते. फ्लॅग सुरुवातीलाच पुसावा, नाहीतर पुसून तो परत वाचावा.

यासाठी नवा अभ्यासक्रम नको, एक प्रात्यक्षिक पुरे. तोच प्रोग्रॅम 'ओ-झिरो' आणि 'ओ-टू'ने एआरएमसाठी कंपाइल करून दोन्हींचे ऑब्जडंप (तयार मशीन कोडची यादी) शेजारी ठेवावे. प्रत्येक बॅरियरवर तो कोणत्या दोन वाचन-लेखनांमध्ये उभा आहे याची टिप्पणी सक्तीची करावी. कर्नलचा कोड तपासणारी 'चेकपॅच' स्क्रिप्टही मेमरी बॅरियरवर टिप्पणी मागते. टिप्पणी लिहिता येत नसेल तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्याच ओळीवर विचारावा.

— एम्बेडेड प्रणालींवर काम करणारे दोन वाचक, चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर