काजूचा बुंधा वेळीच तपासावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात काजूची उभी झाडे पिवळी पडून वाळताना दिसतात, तेव्हा झाडाचे वय झाले किंवा जमीनच हलकी, असे म्हणून आपण पुढे जातो. माझ्या बागेतील चार झाडे मी याच समजुतीपायी गमावली. चौथे झाड तोडताना बुंध्याच्या सालीखाली पांढऱ्या अळ्या सापडल्या, तेव्हा कारण कळले.

ही खोड व मूळ पोखरणारी अळी होय. तिचा भुंगेरा जमिनीलगतच्या खोडावरील सालीच्या भेगांत अंडी घालतो आणि अळी सालीखालचा भाग खात गेल्याने झाडाचा अन्नरस तुटतो. बुंध्याशी डिंक व लाकडाचा भुसा दिसू लागतो, ती पहिली खूण. पाने पिवळी पडतात ती फार उशिरा, आणि तोपर्यंत झाड वाचविण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. म्हणूनच दर महिन्याला बुंध्याभोवतीचा पालापाचोळा बाजूला करून खोड पाहावे, भुसा दिसताच पटाशीने तेवढीच साल काढून अळ्या वेचून माराव्यात आणि निरोगी झाडांच्या बुंध्यांना ५ टक्के निंबोळी तेलाचे द्रावण चोळावे. डिसेंबर ते मे हा अंडी घालण्याचा मुख्य काळ नेमका आपल्या मोहोराचा व बी वेचणीचा असतो, आणि त्या धांदलीत खोडाकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

मात्र एकट्याने केलेल्या कष्टाला येथे मर्यादा आहे. मुंबई-पुण्याला गेलेल्या कुटुंबांच्या बागांत मेलेली झाडे तशीच उभी राहतात, काही जण तोडलेले ओंडके जळणासाठी बांधावरच रचून ठेवतात, आणि आतील अळ्यांचे भुंगेरे होऊन ते शेजारच्या बागेत जातात. अशी झाडे मुळासकट काढून बागेबाहेर नेणे, हे गावाने ठरवून करण्याचे काम आहे.

या भागातील अनेक वयस्क शेतकऱ्यांना केवळ मराठी वाचता येते. मला मिळालेले माहितीपत्रक कन्नडमध्ये होते व ते मी नातवाकडून वाचून घेतले. ज्यांच्या घरी असा नातू नाही, त्यांच्यासाठी संबंधित खात्याने ही माहिती मराठीतही छापावी आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी गावोगावी प्रत्यक्ष झाडाशी बसून प्रात्यक्षिक दाखवावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक काजू बागायतदार
जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव