साठवलेले पासवर्ड सरसकट पुसू नका

मा. संपादक,
स. न.

संकेतस्थळाचा साठवलेला पासवर्ड चालेनासा झाला की संगणक दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा आणि त्याने 'सगळे नव्याने टाकून' द्यायचे, ही पद्धत आपल्या शहरात रूढ झाली आहे. त्यातून होणारे नुकसान नुकतेच जवळून पाहिल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका काकूंना एका संकेतस्थळावर 'पासवर्ड चुकीचा आहे' असा संदेश वारंवार येत होता. दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिले. फोटो आणि कागदपत्रे जपून परत केली, परंतु फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये (संकेतस्थळे उघडण्याच्या प्रोग्राममध्ये) अनेक वर्षे साठवलेले वीजबिल, घरपट्टी, बँक, प्राप्तिकर यांचे सर्व पासवर्ड गेले. त्यांपैकी एका खात्याला बंद पडलेला जुना मोबाइल क्रमांक जोडलेला असल्याने ओटीपी येईना आणि त्यासाठी सत्तरीच्या काकूंना तीन हेलपाटे घालावे लागले. मूळ दोष एवढाच होता की त्यांनी तो पासवर्ड मोबाइलवरून बदलला होता आणि संगणकातील ब्राउझर जुनाच भरत होता. पासवर्डच्या यादीत जाऊन तेवढी एक नोंद सुधारली असती तर काम दोन मिनिटांत संपले असते.

फायरफॉक्स असो वा क्रोम, दोन्हींत साठवलेल्या पासवर्डची यादी उघडून पाहता येते. पुष्कळदा तेथे एकाच संकेतस्थळाच्या दोन नोंदी आढळतात, एक मोबाइल क्रमांकाने आणि दुसरी ग्राहक क्रमांकाने. त्यांपैकी कालबाह्य झालेली काढून टाकली की गोंधळ मिटतो. 'पासवर्ड साठवू का?' या प्रश्नाला कधीतरी घाईत 'कधीच नको' असे उत्तर दिले गेले असेल, तर ते संकेतस्थळ एका वेगळ्या यादीत जाते आणि तेथून काढेपर्यंत ब्राउझर पुन्हा विचारत नाही.

ब्राउझर नेहमीचा पासवर्ड भरत नसेल, तर मात्र आधी पत्त्याची पट्टी नीट वाचावी, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पासवर्ड संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेला असतो. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानाला आपले डोळे फसतात, पण पत्ता वेगळा असल्यामुळे ब्राउझर तेथे पासवर्ड पुढे करत नाही. अशा वेळी 'बिघाड झाला' असे समजून हाताने पासवर्ड टाकणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे होय. कधीकधी संस्थेनेच पत्ता बदललेला असतो हे खरे, परंतु त्याची खात्री संस्थेच्या कार्यालयातून करून घ्यावी, संदेशातून आलेल्या दुव्यावरून नव्हे.

काही संकेतस्थळे पासवर्डच्या चौकटीत पेस्ट करू देत नाहीत आणि त्यालाच सुरक्षितता म्हणतात. अमेरिकेच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी' या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत पासवर्ड पेस्ट करू द्यावा आणि कारण नसताना ठरावीक मुदतीने तो बदलायला लावू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. अडवणूक केल्याने माणसे सोपे, आखूड पासवर्ड ठेवू लागतात. आपल्याकडील संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी ही अट काढून टाकावी.

महात्मा गांधी रस्त्यापासून नाशिकरोडपर्यंतच्या सर्व संगणक दुरुस्ती व्यावसायिकांना माझी कळकळीची विनंती आहे. फायरफॉक्सचे पासवर्ड प्रोफाइलच्या, म्हणजे वापरकर्त्याची माहिती जेथे साठते त्या, फोल्डरमधील 'लॉगिन्स डॉट जेसन' आणि 'की४ डॉट डीबी' या दोन फायलींत असतात. फायरफॉक्स बंद करून या दोन्हींची प्रत घ्यावी लागते, कारण पहिलीतील कुलूपबंद पासवर्डची किल्ली दुसरीत असते आणि ती हरवली तर पहिली उलगडत नाही. यादी साध्या फाइलमध्ये उतरवून घेतली असेल, तर तिच्यातील पासवर्ड कोणालाही वाचता येतात, म्हणून काम होताच ती ग्राहकासमोर पुसावी. संगणक ताब्यात घेताना पावतीवर 'ब्राउझरमधील पासवर्डची प्रत घेतली / घेतली नाही' अशी एक ओळ छापून तिच्याखाली ग्राहकाची सही घ्यावी.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक