चिऊची शाळा संपली, ताई

कोलंबस, ओहायो
२ जून २०२४

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस कार्यक्रम कसा झाला आणि मी नुसतं "छान झाला गं" म्हणून सुटका करून घेतली, तुला कळलंच असेल. गाडीत सगळे होते आणि सांगायला लागले असते तर रडलेच असते. आता घर झोपलंय म्हणून निवांत लिहिते. आईला वाचून दाखव, पण रडण्याचं वाक्य गाळ, नाहीतर ती रात्रभर जागी राहील.

तर चिऊचं हायस्कूल संपलं. इथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी अशी चार वर्षं, आणि बॅचला नाव पडतं ते बाहेर पडायच्या सालावरून. म्हणजे पोरगं नववीत पाय ठेवतं तेव्हाच ते "क्लास ऑफ २०२४" असतं. मला हे आधी फार विचित्र वाटायचं, अजून सुरुवात नाही आणि शेवटाची तारीख कपाळावर.

पण ह्या बॅचची सुरुवात झाली कुठे तेच तर सांगायचंय. आठवतं ना, मार्च २०२० ला ही आठवीत होती. १२ तारखेला इथल्या गव्हर्नरांनी टीव्हीवर सांगितलं की शाळा तीन आठवडे बंद, आणि चिऊ सोफ्यावर उभी राहून नाचली होती. ते तीन आठवडे काही संपलेच नाहीत, आठवीच संपली त्यात. लॉकरमधलं सामान आम्हाला जूनमध्ये मिळालं, काळ्या कचऱ्याच्या पिशवीत, आम्ही गाडीतून उतरायचं नाही, मास्क लावलेल्या कुणीतरी डिकीत ठेवलं आणि हात केला, झाला निरोप समारंभ. पिशवीत एक स्वेटर, पाण्याची बाटली आणि अर्धवट रंगवलेला अमेरिकेचा नकाशा. तो नकाशा मी अजून टाकलेला नाही, का ते विचारू नकोस.

मग नववी. नवीन शाळा, आणि शाळेची इमारत आतून बघितलेलीच नाही. सकाळी पावणेआठला ही अंथरुणातून लॅपटॉपसमोर, वर पांढरा शर्ट खाली पायजमा, आणि स्क्रीनवर काळे चौकोन, त्यात फक्त नावं. नंतर थोडी शाळा उघडली तर आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून फाळणी केली, ए ते के सोमवार-मंगळवार, एल ते झेड गुरुवार-शुक्रवार, बुधवारी सगळे घरी. हिची जिवलग मैत्रीण नेमकी पलीकडच्या अक्षरांत. अख्ख्या नववीत ह्या दोघी एका दिवशी शाळेत गेल्याच नाहीत, बोलायच्या मात्र रोज चार-चार तास.

आणि बँड. क्लॅरिनेट वाजवते हे तुला माहितीये, पण ऑनलाइन बँड म्हणजे काय चीज असते ते नाही माहीत. इंटरनेटवर सगळ्यांना एकत्र वाजवताच येत नाही, कारण प्रत्येकाचा आवाज पोचायला थोडा थोडा उशीर होतो आणि तो उशीर प्रत्येकाचा वेगळा, मग नुसता कल्ला. म्हणून सगळ्यांनी म्यूट व्हायचं, तिकडे सर हात हलवतायत आणि इकडे प्रत्येकजण आपापल्या खोलीत एकटाच वाजवतोय. त्यात हिचा तिसरा पार्ट, म्हणजे गाण्याची चाल हिच्याकडे नसतेच, मधलं भरीचं तेवढं. मी जिन्यात उभी राहून ऐकायचे. दोन सूर, मग गप्प. आठ बार, म्हणजे ठेक्याची आठ आवर्तनं, काहीच नाही, फक्त पायाने ठेका मोजल्याचा आवाज, टक टक टक टक, मग परत दोन सूर. मला वाटायचं ह्या पोरीचं वर्ष असं चाललंय, आठ बार गप्प. तेव्हा तुला फोनवर म्हटलं होतं बघ, हिचं एक वर्ष वाया गेलं. तू म्हणालीस सगळ्या जगाचं गेलं. तेही खरंच.

पुढच्या वर्षांचं फार सांगत नाही, दहावीपासून गाडी रुळावर आली. सुरुवातीला तोंडाशी चीर असलेले मास्क घालून वाजवायचे आणि वाद्यांच्या तोंडालाही कापडी टोपी, अगं तुतारीला मास्क बघितला नसशील कधी. अकरावीत अभ्यास, परीक्षा, कॉलेजचे निबंध, त्यात आमच्या दोघींची भांडणं, ते सगळं तू ऐकलेलंच आहेस. एक मात्र सांगते. ह्याच ८ एप्रिलला सूर्यग्रहण होतं खग्रास, शाळांना सुट्टी, आणि हिची गँग दोन गाड्या करून वायव्येकडे गेली कारण आमच्याकडे ते अगदी काठावर होतं. दुपारी तीननंतर अंधार झाला, म्हणाली, आणि सगळ्यात जास्त बडबड करणारा मुलगा गप्प झाला. ओहायोत पुढचं खग्रास थेट २०९९ ला. "तेव्हा आम्ही त्र्याण्णव वर्षांचे असू, याच पार्किंगमध्ये भेटायचं" असं ठरवून आलीयेत ही पोरं, नुसती थट्टा नाही, फोनच्या कॅलेंडरात टाकून ठेवलंय.

आता कार्यक्रम. फुटबॉलच्या मैदानावर खुर्च्या, साडेचारशे पोरं, निळे झगे, डोक्यावर ती चौकोनी टोपी. टोपीला गोंडा असतो तो आधी उजवीकडे आणि पदवी मिळाली की डावीकडे करायचा, सगळ्यांनी एकदम. हातात जी फाईल देतात ना ती रिकामी असते बरं का, मी उघडून बघितली तर आत काही नाही! खरं सर्टिफिकेट नंतर, लॅपटॉप आणि लायब्ररीची पुस्तकं परत केल्यावर. मला हे फार आवडलं, एकदम व्यवहारी.

प्रिन्सिपल बोलायला उभे राहिले आणि माईक बंद. ते बोलतायत, हात करतायत, तोंड हलतंय, आवाज नाही. त्यांना कळलंच नाही जरा वेळ. आणि मग मागच्या रांगेतून एक पोरगं ओरडलं, "यू आर ऑन म्यूट!" आणि पुढच्या क्षणी साडेचारशेच्या साडेचारशे, एका सुरात, "यू आर ऑन म्यूट!" ताई, हसून हसून पोरं खुर्चीवरून पडायची बाकी होती. आम्ही आईबाप पण हसलो पण आम्ही उशिरा हसलो, त्यांचं ते आतलं होतं. एकीकडे हसतेय आणि एकीकडे डोळे गळतायत, हेच ते गाळायचं वाक्य. (शेजारच्या बाई पण पुसत होत्या, म्हणजे मी एकटी नव्हे.)

नंतर वर्गात पहिल्या आलेल्या मुलीचं भाषण. मला वाटलं आता स्वप्नं, पंख, आकाश वगैरे येणार. तर ती म्हणाली की वर्षभर आम्ही एकमेकांना फक्त खांद्यापासून वर ओळखत होतो, आणि पहिल्यांदा समोरासमोर आलो तेव्हा मला धक्का बसला की कोण किती उंच आहे. मग तिने हळूच विचारलं, नववीतलं काय आठवतं? आणि खुर्च्यांवरून पोरं ओरडायला लागली. कुणाचं कुत्रं इतिहासाच्या तासाला पडद्यावर आलं होतं, कुणाच्या आजीने मागून येऊन हात केला होता, कुणी परीक्षेत स्वतःचा फोटो लावून झोपला होता. ज्या वर्षाला मी चार वर्षं वाया गेलं म्हणत होते त्याच्यावरच सगळ्यात जास्त आरडाओरडा. बाकीच्या तीन वर्षांचं कुणी नावही घेतलं नाही.

घरी आल्यावर मी चिऊला म्हटलं, तुला तर तेव्हा कंटाळा यायचा, रडायचीस. म्हणाली, "हो मग? पण ते फक्त आमचं होतं ना मम्मा, ते दुसऱ्या कुठल्या बॅचकडे नाहीये." आणि टोपीच्या पिना काढत वर गेली.

एक राहिलंच. पोरं आत येताना जी चाल वाजवतात ती इथे सगळीकडे तीच असते, एडवर्ड एल्गार नावाच्या इंग्रज माणसाची, १९०१ ची. त्याला १९०५ ला येल विद्यापीठाने पदवी दिली तेव्हा वाजवली आणि मग देशभर तीच पडली. चिऊने ती मागची दोन वर्षं वरच्या वर्गांसाठी वाजवली होती, शेवटचा मुलगा बसेपर्यंत थांबायचं नाही, तेच तेच परत, वीस-वीस मिनिटं, ओठ सुजायचे, घरी येऊन वैतागायची. यंदा ती झगा घालून चालत होती आणि लहान वर्गांचा बँड वाजवत होता. मी वरून झूम करून व्हिडिओ काढला. त्यात नीट बघ, ती बँडच्या समोरून जाते तेव्हा उजवा हात झग्याच्या बाहीत आहे आणि बोटं हलतायत. तिसरा पार्ट वाजवतेय. मध्ये थांबतात बोटं, मग परत.

व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकलाय पण आईला मोठ्या टीव्हीवर लावून दे, फोनवर बोटं दिसायची नाहीत. ऑगस्टमध्ये ही हॉस्टेलला जाईल, त्याआधी एकदा तरी दोघी सवडीने बोला तिच्याशी, मराठी चुकली तर हसू नका. शनिवारी फोन करते.

तुझी,
छोटी