आपली आठवण गेली तरी त्याची जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनाच्या सुमारास, स्मृतिभ्रंशावर वर्तमानपत्रांतून चांगली माहिती येते. लक्षणं कोणती, तपासण्या कोणत्या, घरात काळजी कशी घ्यावी, हे सगळं त्यात असतं आणि ते हवंच. पण इंदूरच्या मराठी घरांत, रामबागेतल्या जुन्या वाड्यांत काय किंवा नव्या सोसायट्यांत काय, या आजाराबरोबर आणखी एक भीती आत येते. तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. आई आयुष्यभर जेवणाआधी पंधरावा अध्याय म्हणत आली, आता तिला देवाचं नावही सुचत नाही. शेवटच्या क्षणी तिच्या तोंडी नाव आलं नाही तर तिचं काय होणार? डॉक्टरांना हे विचारता येत नाही, गुरुजींना विचारायचा संकोच वाटतो, आणि प्रश्न मुलांच्या छातीवर दगडासारखा बसून राहतो. हे पत्र त्या मुलांसाठी आणि सुनांसाठी आहे.

भीतीचं मूळ गीतेच्या आठव्या अध्यायात आहे. अंतकाळी माझं स्मरण करत जो देह ठेवतो तो मला येऊन मिळतो, असं पाचवा श्लोक सांगतो. माणूस जो भाव मनात धरून जातो, तोच त्याला मिळतो, असं सहावा सांगतो. त्याला जोडून भागवताच्या पाचव्या स्कंधातली भरताची कथा येते. हरणाच्या पाडसात जीव अडकला, मरताना तेच डोळ्यांपुढे राहिलं आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला. या दोन गोष्टी एकत्र करून घरची माणसं स्वतःला घाबरवत राहतात. पण भरताची कथा आसक्तीची आहे. त्याची बुद्धी शाबूत होती आणि ती त्या पाडसापाशी गुंतली होती. मेंदूच्या पेशी झिजल्यामुळे जे होतं त्याचा या कथेशी काही संबंध नाही. शिवाय त्याच कथेतली एक गोष्ट सांगायची राहून जाते: हरणाच्या जन्मातही भरताला मागचा जन्म आठवत होता. केलेली उपासना फुकट गेली नाही. आणि आठव्या अध्यायातला सातवा श्लोक तर लगेच म्हणतो, ‘तस्मात्सर्वेषु कालेषु मामनुस्मर’, म्हणून सर्व काळ माझं स्मरण ठेव. भर सगळ्या आयुष्यावर आहे.

यावर एखादी लेक विचारेल की आयुष्यभराची सवयच पुसली गेली तर? याला अगदी सरळ उत्तर परंपरेत आहे, पण आपल्याकडे ते फारसं म्हटलं जात नाही. वैष्णव परंपरेत वराहचरमश्लोक म्हणून ओळखले जाणारे दोन श्लोक आहेत. भगवान वराह भूदेवीला सांगतात, की मन स्वस्थ असताना, शरीर धड असताना, शरीरातले धातू समतोल असताना ज्याने माझं स्मरण केलं, तो पुढे मरणाच्या वाटेवर लाकडासारखा, दगडासारखा पडला, तर ‘अहं स्मरामि मद्भक्तं नयामि परमां गतिम्’. मी माझ्या भक्ताला आठवतो आणि त्याला परमगतीला नेतो. ‘काष्ठपाषाणसंनिभम्’ हा शब्द मुळातलाच आहे. बिछान्यावर पडून राहिलेलं, हाक मारली तरी डोळे न उघडणारं माणूस ज्याने पाहिलं आहे, त्याला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. स्मरणाचं काम इथे देव स्वतःकडे घेतो. सातव्या अध्यायात तो म्हणतो, की होऊन गेलेले, आत्ता असलेले आणि पुढे होणारे सगळे जीव मी जाणतो, मला मात्र कुणी जाणत नाही (७.२६). नातं त्याच्या जाणण्यावर उभं आहे. आपलं जाणणं आधीही अपुरंच होतं.

पंधराव्या अध्यायाचे २० श्लोक पाठ असणाऱ्यांनी त्यातला पंधरावा जरा थांबून म्हणावा: ‘सर्वस्य चाहं हृदि संनिविष्टो मत्तः स्मृतिर्ज्ञानमपोहनं च’. अपोहन म्हणजे नाहीसं होणं, निघून जाणं. स्मृती माझ्यापासून, ज्ञान माझ्यापासून आणि त्यांचं जाणंही माझ्यापासून, असं तो म्हणतो. भाष्यकारांनी याचा संबंध कर्माशी जोडला आहे, पण आजारी माणसाच्या उशाशी बसून तो हिशेब मांडायचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. तिथे बसून पहिला चरणच म्हणावा. स्मृती येते आणि जाते, हृदयात बसलेला उठून जात नाही.

काही घरांत याहून अवघड प्रसंग येतो. जन्मभर सोवळ्याओवळ्यात वावरलेल्या आजी अचानक शिव्या देऊ लागतात, सुनेवर बांगड्या चोरल्याचा आळ घेतात. घरच्यांना वाटतं, हेच यांचं खरं रूप असेल का? तसं मुळीच नाही. गीतेचा तेरावा अध्याय क्षेत्र म्हणजे शेत आणि क्षेत्रज्ञ म्हणजे ते शेत जाणणारा असा भेद करतो, आणि क्षेत्रात काय काय येतं त्याची यादी देतो. त्या यादीत अहंकार आहे, बुद्धी आहे, इच्छा, द्वेष, सुख, दुःख, चेतना आणि धृतीसुद्धा आहे. मनाला आवरून धरणारी शक्तीही शेताचाच भाग. शेतावर गारा पडल्या की पीक झोपतं. आळ आणि शिव्या हे ते झोपलेलं पीक आहे. शेत जाणणारा वेगळा आहे, आणि ‘सर्व क्षेत्रांतला क्षेत्रज्ञ मीच’ असं देव सांगतो. आजी खऱ्या कशा आहेत हे त्याला ठाऊक आहे आणि कुठलाही आजार त्यात खाडाखोड करू शकत नाही.

आता ‘देव बघतोय’ या वाक्याबद्दल. आपण ते मुलांना दटावायला वापरतो. स्मृतिभ्रंशात बहुधा ताज्या गोष्टी आधी पुसल्या जातात आणि जुन्या, खोलवरच्या बराच काळ टिकतात. त्यांत बालपणीचा धाकही टिकतो. ‘माझं काय चुकलं? मला इथे का ठेवलंय?’ असं विचारणाऱ्या वृद्धासमोर ‘देवाला सगळं माहीत आहे’ हे कुठल्या सुरात म्हणतो, यावर त्याची ती रात्र कशी जाणार ते ठरतं. साक्षी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चित्रगुप्ताची वही येते. नवव्या अध्यायातली ओळ मात्र अशी आहे: ‘गतिर्भर्ता प्रभुः साक्षी निवासः शरणं सुहृत्’ (९.१८). साक्षीच्या लगेच पुढे निवास आहे, आसरा आहे आणि ओळीच्या शेवटी सुहृद, म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता भलं चिंतणारा आहे. बघणारा आणि मित्र हे दोघे एकच आहेत. पाचव्या अध्यायाचा शेवटही तेच सांगतो, की मला सर्व जीवांचा सुहृद जाणून माणूस शांती पावतो. ख्रिस्ती बांधवांच्या १३९व्या स्तोत्रातही हीच वाट दिसते. सुरुवातीला भक्त म्हणतो की तू मला पारखलं आहेस, मध्ये विचारतो की तुझ्यापासून पळून कुठे जाऊ, अंधारही तुला अंधार नाही. आणि शेवटी स्वतःच म्हणतो, मला पारख. ज्या नजरेपासून लपायचं होतं तिलाच तो आत बोलावतो.

ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांनी ‘देव बघतोय’चा धाक जरूर धरावा. अहिल्याबाईंच्या हुकमांवर ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ असे शब्द असत, ते आपल्या इंदुरात कोण विसरेल? पण जो दुबळा झाला आहे त्याला याच वाक्याची मऊ बाजू द्यायला हवी.

आणि ती सांभाळणाऱ्या माणसालाही द्यायला हवी, कदाचित सगळ्यांत जास्त. रात्री तीन वाजता ओली चादर बदलणाऱ्या सुनेचं कष्ट बघायला कुणी जागं नसतं. ज्यांच्यासाठी ती उठते त्यांना सकाळी ते आठवत नाही, उलट पाहुण्यांसमोर ‘मला जेवायला देत नाहीत’ अशी तक्रार होते. तिच्या बाजूचा साक्षीदार एकच असतो. मात्र बाकीच्या भावंडांनी ‘देव बघतोय हो वहिनी, तुमचं पुण्य वाढतंय’ असं फोनवर म्हणून मोकळं होऊ नये. आठवड्यातल्या दोन रात्री वाटून घ्याव्यात, ते जमत नसेल तर रात्रीच्या बाईचा पगार द्यावा.

या विश्वासाला घरात रोजचा आकार कसा द्यायचा, तेही सांगते. दुपारी चारनंतर, संध्याकाळ होताना, अशा बऱ्याच माणसांची अस्वस्थता वाढते. स्वतःच्या घरात बसून ती म्हणतात, ‘मला घरी जायचंय.’ तेव्हा ‘अगं, हेच तुझं घर’ असा वाद घालू नका. ‘जाऊ या हं, आधी दिवा लावू’ म्हणा. त्या घाबरलेल्या जिवाला भिंती नकोत, ठाव हवा असतो, आणि वरच्या ओळीत ‘निवास’ हा शब्द त्याचसाठी आहे. अंधार पडण्याआधीच खोलीतले दिवे लावा, म्हणजे सावल्यांची भीती वाटत नाही. थंडीत साडेपाचलाच लावा. टीव्ही बंद करा. त्यांचा चष्मा आणि कानाचं यंत्र लावलं आहे ना, ते बघा. समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसा आणि त्यांचा हात हातात घ्या. दहा-पंधरा मिनिटं पुरेत.

काय म्हणायचं? जे त्यांनी लहानपणी पाठ केलं तेच, आणि त्याच चालीवर. मनाचे श्लोक यासाठी फार उपयोगी पडतात. भुजंगप्रयात वृत्तात प्रत्येक चरणाला बारा अक्षरं येतात आणि चाल पाळण्यासारखी झुलते, त्यामुळे अर्थ हरवला तरी ओठांना वाट सापडते. ३६वा श्लोक घ्या. ‘सदा सर्वदा देव सन्नीध’ इथपर्यंत हळू म्हणा आणि थांबा. लगेच पुढचा शब्द देऊ नका, मनात दहा आकडे मोजा. बऱ्याचदा ‘आहे’ तिकडून येतं. नाही आलं तर चेहरा न पाडता आपण म्हणा आणि पुढे चला. ‘नुपेक्षी कदा राम दासाभिमानी’ हा चरण अनेक श्लोकांच्या शेवटी परत परत येतो, तिथे साथ मिळण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. नवी भजनं, मोबाइलवरचा वाद्यवृंद किंवा झांजांची मोठी आरती नको. त्या गोंगाटाने माणूस बिथरतं.

‘मी कोण, ओळखलंस का?’ ही परीक्षा रोज घेऊ नका. बसतानाच ‘आई, मी सुमन, तुझी लेक’ असं नाव सांगून टाकावं. तसंच ‘देवाला सगळं माहीत आहे, रडू नको’ असं म्हणून रडणं थांबवू नका. ज्याला सगळं माहीत आहे त्याला रडणंही माहीत आहे. आणि एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, ग्लानी आली किंवा भास होऊ लागले, तर देवाची इच्छा म्हणून बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, एखादं नवं औषध, अशी कारणं त्यामागे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

देवघराची काळजी वेगळी घ्यावी लागते. कापराच्या वड्या खडीसाखरेसारख्या दिसतात आणि तोंडात टाकल्या जातात. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात, म्हणून तो कुलपात ठेवा. समई पदर पोहोचणार नाही अशा उंचीवर असावी. आजार वाढला की गिळणं बिघडतं, तेव्हा फुटाणे, शेंगदाणे, सुकं खोबरं प्रसादात नको. इंदूरच्या घरात शेवेशिवाय बशी पुढे येत नाही, पण कोरडी शेव घशात अडकते, तीही नको. मऊ शिरा द्या, तोही माणूस ताठ बसलं असताना, अर्धा चमचा, आणि पहिला घास गेल्यावरच दुसरा. तीर्थ पळीने तोंडात ओतण्यापेक्षा बोट बुडवून ओठांना लावा.

शेवटी एक विनंती. हे पत्र छापलंत, तर ‘अहं स्मरामि मद्भक्तं नयामि परमां गतिम्’ ही ओळ आणि तिचा मराठी अर्थ मोठ्या ठशात, चौकटीत छापावा, म्हणजे कापून पलंगासमोरच्या भिंतीवर लावता येईल. अर्थ लागेनासा झाल्यावरही अनेकांचं मोठ्याने वाचणं बराच काळ टिकतं. समोर अक्षरं दिसली की ती वाचतात.

आपली,
गीतापाठ घेणारी एक वाचक,
रामबाग, इंदूर