गौरी घरी आली

मिनिआपोलिस,
ऑक्टोबर २०२४

प्रिय वैशू,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. रागावली आहेस, आणि तुझं रागावणं रास्त आहे. आम्ही दत्तक घेतलेली गौरी येणार म्हणून तू केव्हापासून रजा मागून ठेवली होतीस, आणि मी ऐन वेळी ‘इतक्यात येऊ नकोस, एअरपोर्टवर तर नकोच’ एवढंच कळवलं. फोनवर हे नीट बोलता येत नाही, कारण ती सतत जवळ असते आणि तिला सगळं समजतं. आत्ता झोपली आहे, म्हणून लिहायला बसले.

ती साडेतीन वर्षांची आहे. आजवर तिला ज्यांनी न्हाऊ घातलं, भरवलं, थोपटलं त्या सगळ्या संस्थेतल्या मावश्या. सकाळपाळीच्या वेगळ्या, रात्रपाळीच्या वेगळ्या. एखादीने नोकरी सोडली की ती मुलांना पुन्हा कधी दिसायची नाही. त्या बायकांनी मनापासून केलं, गौरीचे केस बघितलेस तर कळेल, रोज तेल लावलेले आहेत. पण अशा घरात वाढलेलं मूल कुणाकडेही जातं. पहिल्या भेटीत ती सरळ माझ्या मांडीवर येऊन बसली आणि गळ्यात हात टाकले. निखिलच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथल्या समाजसेविका ताई हळूच म्हणाल्या, “पाण्याचा टँकर घेऊन येणाऱ्या दादाकडेही ती अशीच जाते. तुमच्याकडे यायला तिला वेळ लागेल.”

वैशू, आमचं सगळं वागणं या वाक्यावर बेतलेलं आहे. भरवायचं आम्ही दोघांनीच, आंघोळ आम्हीच घालायची, पडली तर उचलायचंही आम्हीच. बाकीच्यांनी बोलावं, खेळावं, हसवावं, पण कडेवर घेऊ नये आणि खाऊ हातात देऊ नये. आपल्याकडे मूल दिसलं की हात आपोआप पुढे होतात, ‘ये गं, मावशीकडे ये.’ तू एअरपोर्टवर आली असतीस तर ती तुझ्याकडे झेपावली असती, तुला भरून आलं असतं, आणि तिच्या लेखी आणखी एक मावशी वाढली असती. दुखलं खुपलं तर धावायचं ते याच दोघांकडे, आणि हे दोघं पाळी संपली म्हणून जात नाहीत, हे तिला कळायला हवं. सांगून कळत नाही ते. रोज तेच दोन चेहरे दिसत राहिले की हळूहळू कळतं.

कागदपत्रांचं तू विचारलं होतंस. इथल्या एजन्सीचा होम स्टडी, म्हणजे आमची आणि घराची चौकशी, ‘कारा’ या भारतातल्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवरची नोंदणी, मग वाट बघणं, तिचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल, ‘कारा’ची एनओसी, दत्तकाचा आदेश, आमची नावं असलेला जन्मदाखला, तिचा भारतीय पासपोर्ट, दिल्लीच्या दूतावासातला व्हिसा. लोक म्हणतात, मुलं अनाथाश्रमात पडून आहेत आणि सरकार कागद नाचवतंय. वाट बघताना मलाही रडू यायचं, तरी यातला एकही कागद कमी असावा असं मी म्हणणार नाही. एके काळी परदेशी लोकांना मुलं देताना इतके गैरव्यवहार चालायचे की लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं, आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल देऊन नियम घालून दिले. ‘कारा’ त्यातूनच पुढे उभी राहिली. एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाबद्दलच्या १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. या मुलाला खरंच कुणी नाही ना, त्याला देशातच घर मिळत नव्हतं ना, मध्ये कुणी पैसे तर खाल्ले नाहीत ना, एवढंच प्रत्येक सहीच्या वेळी तपासायचं असतं. उद्या गौरीने विचारलं, ‘मला कुणाकडून हिरावून तर आणलं नाहीत ना?’ तर तिच्यापुढे ठेवायला आमच्याकडे ती जाडजूड फाइल आहे.

संस्थेतून निघताना ती रडली नाही. नवा फ्रॉक, गाडी, खिडकी, सगळ्यात रमली होती. दिल्लीच्या हॉटेलात रात्री अंथरुणावर उठून बसली आणि म्हणाली, “मावशी न्यायला कधी येणार?” आम्ही काही दिवस तिला फिरायला आणलंय अशी तिची समजूत होती. ‘येईल हं उद्या’ असं म्हणणं सोपं होतं, पण ते आम्ही म्हटलं नाही. मावशी तिकडेच राहणार आणि तू आता कायम आमच्याजवळ राहणार, असं सांगितलं. त्यावर तिने जो हंबरडा फोडला, तो मी जन्मात विसरणार नाही. मला लाथा मारल्या, दाराशी जाऊन बसली. मी तिला गप्प केलं नाही, नुसती शेजारी बसून राहिले. सगळे आमचं अभिनंदन करत होते, आणि त्या लेकराचं होतं नव्हतं ते सगळं एका दिवसात गेलं होतं. ओळीने झोपणारी मुलं, फिनेलचा वास, सकाळची घंटा. वाईट घर का असेना, तिचं होतं, आणि ते वाईटही नव्हतं. मूल घरी आलं म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी हे रडणंही ध्यानात घ्यावं, असं मला फार वाटतं.

अॅमस्टरडॅममार्गे आलो. विमानात ती बहुतेक वेळ झोपली. इथल्या इमिग्रेशनवर अधिकाऱ्याने तिला प्रवेश दिला, आणि तिच्या प्रकारच्या व्हिसावर मूल त्याच क्षणी अमेरिकेचं नागरिक होतं. ती निखिलच्या खांद्यावर गाढ झोपेत होती.

घरी आल्यावर तिला भीती वाटली ती शांततेची. वेगळी खोली, पलंग, परीची चादर, सगळं सजवून ठेवलं होतं, ते तसंच आहे. हॉलमध्ये जमिनीवर तीन गाद्या टाकल्या आहेत, मध्ये ती, आणि बाथरूमचा दिवा रात्रभर चालू. पहिल्या आठवड्यात उशीच्या अभ्र्यात पोळीचे तुकडे सापडले. क्लिनिकमध्ये सांगितलं, रागवू नका, काढूनही घेऊ नका, तिला हवं तेव्हा मिळेल असं खाणं हाताशी ठेवा. म्हणून खालच्या कप्प्यात तिचा स्वतःचा डबा ठेवलाय, त्यात चुरमुरे, खजूर, पोळीचा रोल असतो. झोपायच्या आधी ती तो उघडून बघते, भरलेला आहे ना. आणि तो भरलेला असतोच, हे काम निखिलने स्वतःकडे घेतलंय.

ते क्लिनिक म्हणजे आमचं भाग्यच. मिनेसोटा विद्यापीठात परदेशातून दत्तक आलेल्या मुलांसाठी १९८६ पासून चालू आहे, या देशातलं तसलं पहिलं. रक्त, शिसं, थायरॉइड, कावीळ, क्षय, जंत, कान, डोळे, सगळं तपासलं. ती वयाच्या मानाने बुटकी आहे म्हणून मी घाबरले होते. डॉक्टरांनी समजावलं, संस्थेत साधारण तीन महिने राहिलं की मुलाची उंची एका महिन्याच्या वाढीइतकी मागे पडते, आणि घरी आल्यावर बहुतेक मुलं ती झपाट्याने भरून काढतात. अन्न पुरेसं असलं तरी असं होतं म्हणे. मायेच्या माणसाविना हाडंसुद्धा वाढायला कचरतात, हे ऐकून मी तिथेच रडले.

आमच्या शेजारच्या बाई कोरियात जन्मलेल्या. सत्तरच्या दशकात तान्ह्या असताना इथे दत्तक आल्या. मिनेसोटात अशी हजारो माणसं आहेत. त्यांनी पहिलं सांगितलं ते नागरिकत्वाचं. आपोआप नागरिकत्व देणारा कायदा २७ फेब्रुवारी २००१ ला लागू झाला, त्या दिवशी ज्यांची अठरा वर्षं पूर्ण झाली होती त्यांना तो लागूच झाला नाही. काहींना तर इथेच वाढून मोठेपणी परत पाठवलं गेलं. “सर्टिफिकेट आलं की बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा,” म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, तुम्ही हिच्याशी हिच्या भाषेत बोलता का? आम्ही तिघं मराठीतच बोलतो म्हटल्यावर कितीतरी वेळ माझा हात हातात धरून बसल्या. ‘घाबरू नको’ हे तिला कळेल असं सांगता येतं, याची किंमत मला त्यांच्यामुळे कळली.

गावाकडे ‘कुणाचं रक्त, काय माहीत’ अशी कुजबुज झालीच. माझ्या सासऱ्यांनी एकाच फोनमध्ये ती थांबवली. म्हणाले, “जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि तिथेच जन्मलेल्या यशवंतला आपला मुलगा केलं. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये आईबरोबर रोग्यांची सेवा करत होता. तुमच्या रक्ताने काय केलं ते सांगा.”

आणखी दोन गोष्टी मनापासून सांगते. ती संस्थेत कशी आली, हे तू विचारलंस. आम्हाला जे थोडं माहीत आहे ते मी कुणाला सांगणार नाही, तुलाही नाही. ते तिचं आहे. आधी तिला कळेल, तिच्या वयाला पेलेल तसं, मग कुणाला सांगायचं ते ती ठरवेल. आणि बारसं करायचं नाही. तुझी नावांची यादी सुंदर आहे, पण तिला नाव आहे. हाक मारली की ती वळून बघते, आणि तिकडून बरोबर आलेलं असं तेवढंच तिच्याकडे आहे.

आता यायचं. नाताळच्या सुट्टीत ये, आणि घाईने जाऊ नकोस. पहिले दोन दिवस तिच्याकडे फारसं लक्ष न देता माझ्याशी गप्पा मार. ती मांडीवर चढली तर हसून म्हण, “आईकडे जा बरं,” आणि तिला माझ्याकडे वळव. खाऊ माझ्या हातात दे. फोटो काढ, पण कुठेही टाकू नकोस. निदान दोन वर्षं तरी समाजसेविका येऊन बघून जाणार आहेत, अहवाल भारतात जाणार आहेत, आधी तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. तोवर आमची घडीही बसेल, आणि तू तिला पोटभर कडेवर घेशील.

खेळणी आणू नकोस, ढीग पडलाय. शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवरून मेतकूट आणि आंबेमोहोर आण, इथे मिळत नाही आणि मऊभात तिला फार आवडतो. मॅडिसनच्या पुढे रस्त्यावर बर्फ असतो, अंधार पडायच्या आत पोच.

तुझी,
मीनू