हॉलमधल्या काचेच्या कपाटाबद्दल

राजारामपुरी, कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की तुम्ही दोघं महिनाभर इकडे राहायला येणार, हे तर ठरलंच आहे. आतली खोली रिकामी करून ठेवलीय, आईला लागते तशी कडक कापसाची गादीही भरून आणलीय. पण तुम्ही यायच्या आधी एक गोष्ट कानावर घालायची आहे. फोनवर सांगितली असती तर आईने अर्ध्यातच फोन बाबांच्या हातात दिला असता, म्हणून लिहायला बसले. आमच्या हॉलमध्ये, तुम्ही जिथे चहा घेत बसता त्या सोफ्याच्या समोरच्या भिंतीला, चार फूट लांबीचं काचेचं कपाट उभं आहे आणि त्यात साप आहे.

आई, पत्र खाली ठेवू नकोस. पुढचं वाच.

हा साप आपल्या शिवारातला नाही. बॉल पायथन म्हणतात त्याला, मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. विष नाही. घाबरला की चावायला धावत नाही, डोकं मधोमध लपवून स्वतःचं गाठोडं करून बसतो. तुमच्या नातीने त्याचं नाव लाडू ठेवलंय ते त्यामुळेच. वाढून वाढून साडेतीन फुटांच्या आसपास जाईल. तुमच्या जावयांच्या ऑफिसातल्या एकाला परदेशी नोकरी लागली, त्याने तो आमच्याकडे सोपवला.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे: वनखात्याचं काय? आपल्याकडचे नाग-घोणस सोडाच, पाण्यातली बिचारी दिवडसुद्धा, घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. लाडूसारख्या परदेशी प्राण्यांसाठी २०२४ साली वेगळे नियम आले, त्याप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. मालक बदलला की तीही नोंद. ते सगळं झालंय आणि कागद कपाटाखालच्या ड्रॉवरमध्ये फाइलला लावलेत. आल्यावर बघा. तेव्हा ‘एवढीच हौस होती तर उसातली धामण धरून दिली असती की फुकटात’ असं म्हणायची तयारी करून येऊ नका, ते बेकायदा आहे.

धामणीवरून आठवलं. आपल्या उसात धामण दिसली की गडी काठी घेऊन धावायचे आणि तुम्ही बांधावरून ओरडायचात, ‘मारू नका रे तिला, उंदीर कोण खाणार मग, तुमचा बा?’ तुम्हीच मला त्या उन्हाळ्यात चंदगडकडे ढोलगरवाडीच्या सर्पशाळेत नेलं होतंत. शाळेच्या आवारात साप, आणि पोरं त्यांची माहिती घडाघडा सांगतायत, हे बघून मी परत येताना एसटीत एक शब्द बोलले नव्हते. आई घरी म्हणाली, पोरीला भीती बसली. भीती बसली नव्हती.

तर, कपाट. साप ठेवायचा तर तो दिसेल असा, हॉलमध्येच, हे मी आधीच ठरवलं होतं. बरेच जण गच्चीवरच्या खोलीत, माळ्यावर, प्लास्टिकच्या डब्यात साप ठेवतात. आडोशाला ठेवलेल्या जिवाकडे माणूस दोन दिवसांनी बघतो. पाण्याची वाटी रिकामी असते, वायर तापलेली असते आणि कोणाला पत्ताच नसतो. डोळ्यांसमोर असलं की जाता-येता नजर पडते. शिवाय पाहुण्यांना काय, तुम्हालासुद्धा, ‘आत कुठेतरी साप आहे’ यापेक्षा ‘तो बघा, तिथे झोपलाय’ हे बरं. मात्र दिसायचं म्हणजे नीट दिसायला पाहिजे, दुकानातली काचेची टाकी घरात आणून ठेवायची नव्हती.

मिस्त्री आपले नेहमीचेच, किचनचं काम केलेले. कशासाठी पाहिजे ते ऐकल्यावर म्हणाले, ‘ताई, माप सांगा, लाकूड सांगा, पण त्यो आत असताना मला दुरुस्तीला बोलवायचं न्हाई.’ कबूल केलं. माप चार बाय दोन बाय दोन फूट. सापाला अंग पूर्ण लांब करता यावं, हा हिशोब. गंमत म्हणजे आठ बाय चारच्या एका प्लायच्या शीटमध्ये पाचही बाजू बसतात: तळ, छत, पाठ आणि दोन बाजू. करवतीत जाईल तेवढं माप कमी धरायचं. प्लाय अठरा एमएम, मरीन ग्रेड, ज्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो तो. आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात साधा प्लाय फुगतो हे तर तुम्ही आमच्या जुन्या चपलांच्या रॅकवरून बघितलंच आहे, आणि इथे तर आतही ओलावा ठेवायचा असतो. मिस्त्रींनी आधी कारखान्यातल्या पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन सुचवलं होतं, स्वस्तात मिळतं म्हणून. त्याला मी नाही म्हटलं. पाइन-देवदाराच्या राळेचा वास बंद जागेत सापाच्या छातीला बाधतो.

खालचं स्टँड लोखंडी अँगलचं, उद्यमनगरातून वेल्डिंग करून पावडर कोटिंग मारून आणलं आणि मागून भिंतीला बोल्टने आवळलं. माती, लाकूड, काच सगळं धरून वजन बरंच झालंय. दोघा माणसांनाही ते एका दमात हलवता येत नाही. नातीने लोंबकळून बघितलंय, आई. हललं नाही.

तीन बाजू मुद्दाम बंद ठेवल्यात, काच फक्त समोर. चारी बाजूंनी काच असली की आपल्याला छान दिसतं, पण सापाला उघड्यावर टाकल्यासारखं होतं, तो खाणं सोडतो. समोरच्या दोन सरकत्या काचा टफन ग्लासच्या आहेत. ती काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, भोकसुद्धा पाडता येत नाही, म्हणून माप देताना मी मिस्त्रींना दोनदा टेप धरायला लावली.

आणि आता कुलूप, कारण आईचं सगळं लक्ष तिथे असणार. काचेच्या ट्रॅकचा वरचा चॅनेल खोल असतो, खालचा उथळ. काच आधी वर घुसवायची, मग खाली सोडायची, अशी ती बसते. म्हणजेच कोणी वर उचलली तर ती निघूही शकते. त्यासाठी काचा बसवल्यावर वरच्या चॅनेलमध्ये पट्टी ठोकून घेतली, आता काच वर उचलली जातच नाही. दोन काचा एकमेकींवर येतात तिथे नख जाईल एवढी फट राहते, तिथे नायलॉनच्या केसांची पट्टी आहे. वायरीच्या भोकाला घट्ट रबर. हवेच्या जाळीला आतून स्क्रू. आणि कुलूप गुजरीत सराफांच्या शोकेसला असतं ते, दात्याच्या पट्टीवर सरकणारं. साप ताकदीचा असतो, रात्रभर नाकाने कोपरान् कोपरा ढकलून बघतो, पण त्याला किल्ली फिरवता येत नाही. किल्ल्या दोन. एक माझ्या पर्समध्ये असते, दुसरी तुम्ही आल्यावर तुमच्या उशाखाली ठेवा. रात्री झोपण्याआधी आईने स्वतः कुलूप ओढून बघावं, मला काही वाटणार नाही. माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणतच नाहीये, कुलपावर ठेव.

आतली मांडणी मात्र माझ्या आवडीची. पाठीमागच्या फळीवर थर्माकोल कोरून, त्यावर टाइल्सच्या ग्राउटचे हात देऊन जांभा दगड केलाय. पन्हाळ्याला जाताना रस्त्याच्या कडेला दरड कापलेली दिसते ना, तो रंग जमवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आधी वीट झाला, मग गुलाबी. शेवटी गेरूत चिमूटभर काळा घातला तेव्हा जमलं. तळाला नारळाच्या सोडण्याचा भुगा. लपायला दोन गाडगी, बापट कॅम्पातल्या कुंभाराकडून कच्ची असतानाच बाजूला तोंड कापून, मग भाजून घेतली. त्याने विचारलं, कोंबडीला का? मी हो म्हटलं. दोन अशासाठी, की एक उबदार कोपऱ्यात लागतं आणि एक थंड कोपऱ्यात. एकच ठेवलं तर साप ऊब पाहिजे की आडोसा पाहिजे या पेचात पडतो, आणि आडोसाच निवडतो.

ऊब छतातल्या सिरॅमिक हीटरची. उजेड पडत नाही, नुसती धग. त्याला तारेचा पिंजरा आहे, नाहीतर साप वेटोळं घालून भाजून घेतो. उबदार बाजू बत्तीसच्या आसपास, दुसरी पंचवीस-सव्वीस. सापाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही, पाहिजे तेव्हा तो या टोकाहून त्या टोकाला जातो. थर्मोस्टॅट आपोआप बंद-चालू करतो. डिसेंबरात इथे रात्री पारा पंधराच्या खाली जातो तेव्हा हीटर रात्रभर चालतो, मे महिन्यात जवळपास नाहीच. मे महिन्यात उलटी काळजी, म्हणून कपाट पश्चिमेच्या खिडकीपासून लांब ठेवलंय. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. काचांना लावलेल्या सिलिकॉनला सुरुवातीला व्हिनेगरचा वास येतो. तो पार जाईपर्यंत आणि रिकाम्या कपाटात पारा जागेवर बसेपर्यंत लाडू जुन्या डब्यातच होता.

आईला न आवडणारी एक गोष्ट उरली, ती पटकन सांगून टाकते. तो उंदीर खातो. मेलेला, गोठवलेला, दोनेक आठवड्यांतून एकदा. त्यासाठी वेगळा छोटा फ्रीझर मागच्या गॅलरीत आहे, स्वयंपाकघराशी त्याचा काही संबंध नाही, भांडी वेगळी, हात साबणाने. ज्या दिवशी तो जेवतो त्या दिवशी तू देवळात जा, अंबाबाईचं दर्शन घेऊन ये. परत येईपर्यंत आवरलेलं असेल. आणि कृपा करून त्याच्यासमोर दुधाची वाटी ठेवू नकोस. नागपंचमीला तू मातीच्या नागाला दूध-लाह्या वाहतेस, त्या दिवशी विळी-तवा बंद ठेवून दिंडं उकडतेस, ते आपण इथेही करू. लाडूला मात्र पाणीच.

एक बघण्यासारखं आहे, आणि तुम्ही असताना होईल असं वाटतं. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे निळसर धुरकट होतात. बाबा, तुमचा मोतीबिंदू बघून मला तेच आठवलं. त्या दिवसांत तो चिडका असतो, कोणी हात लावायचा नाही. मग डोळे परत स्वच्छ होतात, आणि दोन-चार दिवसांनी तो नाक गाडग्याच्या कडेला घासायला लागतो. ओठावरून कात सुटते आणि पायमोजा उलटा काढावा तशी शेपटीपर्यंत उलटत जाते. आतली हवा कोरडी असेल तर तुकड्या-तुकड्याने निघते. अख्खी निघाली, डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक चकत्यांसकट, तर समजायचं कपाट बरोबर बांधलंय. मागच्या वेळची अख्खी निघाली. तुमच्या नातीने ती वर्गात नेली, बाईंनी परत पाठवली.

आयुष्य विचाराल तर नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात याच जातीच्या साठी ओलांडलेल्या मादीने २०२० साली अंडी घातली. म्हणजे आई, ‘चार दिवसांची हौस’ हे वाक्य इथे चालणार नाही. मी रिटायर होईन तेव्हाही त्याची किल्ली माझ्याकडे असेल.

तुम्हाला कपाट हॉलमध्ये नकोच वाटलं, तर तुम्ही असेपर्यंत समोर पडदा लावीन. पडद्याची दांडी बसवून ठेवलीय. पण आधी एक संध्याकाळ सोफ्यावर बसून बघा. दिवेलागणीनंतर तो बाहेर येतो.

बाबा, एक काम आहे. आतल्या फांदीसाठी मी बाजारात बघितलं, सगळं रंगवलेलं आणि पोकळ. आपल्या विहिरीजवळच्या पेरूची मागच्या वादळात मोडलेली फांदी अजून गोठ्यामागे पडली असेल तर आणा. मनगटाएवढी जाड, साडेतीन फूट लांब, एक तरी बेचकं असलेली. औषध मारलेल्या झाडाची नको. साल निघाली असली तरी चालेल, मी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवीन आणि बाहेरून स्क्रूने पक्की करीन. एसटीत कंडक्टर कुरकुर करील, त्याला तिकीट काढा पण फांदी तोडू नका. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरलात की तिथेच थांबा, तुमचे जावई गाडी घेऊन येतील.

आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर इथून आणून ठेवते, कळवा.

तुमची,
बाळी