दोष पैशांचा नव्हे, वर्षांचा

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या लॉस एंजेलिस लेकर्स संघाच्या 2016 मधील करारांवर तू लिहिलेले सगळे वाचले. टिमोफे मोजगॉव्हला 6 कोटी 40 लाख आणि लुओल डेंगला 7 कोटी 20 लाख डॉलर प्रत्येकी चार वर्षांसाठी कबूल करणाऱ्यांची अक्कल गहाण पडली होती, असा तुझा निकाल आहे. निकालाशी माझे भांडण नाही. मात्र ते दोघे पुढे चालले नाहीत, हे त्यासाठी तू दिलेले कारण मला पटत नाही. ते दोघे पुढे कसे खेळले हे आज शेंबडे पोरही सांगेल. व्यवस्थापनाचा दोष काढायचा, तर जुलै 2016 च्या पहिल्या रात्री त्यांना काय ठाऊक होते एवढेच धरून काढावा.

त्या उन्हाळ्यात दूरचित्रवाणीच्या नव्या कराराचा पैसा लीगमध्ये येऊ लागला आणि सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या वार्षिक वेतनखर्चाची मर्यादा, 7 कोटी डॉलरवरून एकदम 9 कोटी 41 लाखांवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने करण्याची कल्पना खेळाडूंच्या संघटनेने आधीच फेटाळली होती. शिवाय कॅपच्या 90 टक्के रक्कम वेतनावर खर्च करणे संघांना भाग होते, कमी पडेल ती आहे त्या खेळाडूंत वाटावी लागे. लेकर्सचा तारा कोबी ब्रायंट नुकताच निवृत्त झालेला, आदल्या हंगामात 82 पैकी 17 विजय, अशा संघाकडे पहिल्या फळीचा खेळाडू फिरकत नव्हता. पोर्टलँडनेही त्याच उन्हाळ्यात इव्हन टर्नरला चार वर्षांसाठी 7 कोटी दिले. भावच तसे चढले होते. म्हणून रकमेबद्दल मी त्यांना फारसा बोल लावणार नाही.

माझा आक्षेप चार वर्षांवर आहे. पैसे खर्चण्याची सक्ती होती, मुदत लांबवण्याची नव्हती. मोजगॉव्ह तिशीला टेकलेला, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली, आणि क्लीव्हलँडने विजेतेपद मिळवले त्या अंतिम मालिकेत बहुतेक वेळ बाकावर बसलेला. डेंग 31 वर्षांचा. शिकागोत असताना सलग दोन हंगाम सरासरीने लीगमध्ये सर्वाधिक मिनिटे खेळून त्याने अंग झिजवलेले. हे सर्व त्या रात्री उघड्यावर होते. एका किंवा दोन वर्षांसाठी याहून जास्त वार्षिक रक्कम देऊ केली असती, तरी ती परवडली असती. (ते दोघे नाही म्हणाले असते, तर बिघडले काय असते?)

मुदतीची किंमत लगेच मोजावी लागली. वर्षभरात मोजगॉव्हचा करार ब्रुकलिनच्या गळ्यात घालताना सोबत डी'अँजेलो रसेलही द्यावा लागला; 2015 च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, दुसऱ्या क्रमांकाचा हा खेळाडू 2019 मध्ये तिकडे लीगच्या निवडक ऑल-स्टार खेळाडूंत गेला. बदल्यात ब्रूक लोपेझ आणि ज्यातून काइल कुझ्मा निवडला गेला तो ड्राफ्टचा हक्क मिळाला, त्यामुळे सौदा अगदीच आतबट्ट्याचा म्हणता येत नाही. डेंग 2017-18 मध्ये अवघा एक सामना खेळला. त्याला मोकळे केल्यावर उरलेली रक्कम पुढील वर्षांवर पसरवली गेली, आणि लेब्रॉन व अँथनी डेव्हिस यांनी 2020 चे विजेतेपद आणल्यानंतरही वर्षाला सुमारे 50 लाख डॉलर त्याच्या नावे कॅपमध्ये मोजले जात होते.

हीच कसोटी तू 2021 मधल्या अॅलेक्स कारुसोच्या प्रकरणाला लावून पाहा. तो स्वतःच्याच संघातला, त्याचा बचाव रोज डोळ्यांसमोर, कॅप ओलांडूनही त्याला ठेवण्याची नियमात मुभा; आड येत होता तो केवळ लक्झरी टॅक्स, म्हणजे वेतनखर्च ठराविक रकमेपलीकडे गेल्यास लीगला भरायचा कर. शिकागोने चार वर्षांसाठी 3 कोटी 70 लाख देऊन त्याला नेले. त्याला जाऊ देण्याच्या लेकर्सच्या निर्णयावर तू केलेल्या टीकेचा शब्दन्शब्द मला मान्य आहे.

तुझे,
बाबा